पुस्तिका ‘परिणामकारक’ ठरली, म्हणजे नेमकं काय झालं? पालकांसाठीच्या आरोग्य-माहितीवरील संशोधनाची चिकित्सा



पेट झाली, कोर्सवर्क सुरू झालं की पुढचा प्रश्न विषयाचा. नर्सिंग, गृहविज्ञान, समाजकार्य किंवा शिक्षणशास्त्र, कुठल्याही विभागाच्या ग्रंथालयात जाऊन जुने प्रबंध चाळले तर एक शीर्षक हमखास भेटतं: ‘पाच वर्षांखालील बालकांच्या मातांना अतिसाराविषयी दिलेल्या माहितीपुस्तिकेच्या परिणामकारकतेचा अभ्यास’. अतिसाराच्या जागी कधी हात धुणे असतं, कधी लसीकरण, कधी जंत. बाकी साचा तोच.

विषय वाईट नाही, हे आधीच सांगतो. उलट आपल्याकडे यापेक्षा महत्त्वाचे विषय फार थोडे आहेत. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत पटकीची साथ होती आणि सलाइनच्या बाटल्या अपुऱ्या पडत होत्या. तेव्हा डॉ. दिलीप महालनोबीस यांनी मीठ-साखरेचं द्रावण पिंपांत भरून ठेवलं, आणि ते रुग्णांना पाजलं कुणी, तर बहुतांशी त्यांच्याच नातेवाइकांनी. जीव वाचवणारा उपचार घरच्या माणसांच्या हातात देता येतो, हे तिथे दिसलं. पण उपचार घरच्यांच्या हातात द्यायचा म्हणजे माहिती त्यांच्यापर्यंत नीट पोचली पाहिजे. म्हणून माहितीपुस्तिका हा संशोधनाचा विषय व्हायलाच हवा.

माझी तक्रार साच्याबद्दल आहे. या लेखात त्या साच्याची चिकित्सा करू, आणि नवीन विद्यार्थ्याने त्यातून काय घ्यावं तेही बघू.

साचा काय मोजतो?

समजा ६० माता निवडल्या. पहिल्या दिवशी तीस प्रश्नांची प्रश्नावली भरून घेतली, ही पूर्वचाचणी. मग पुस्तिका दिली किंवा पाऊण तास व्याख्यान दिलं. सातव्या दिवशी तीच प्रश्नावली पुन्हा, ही उत्तरचाचणी. दोन्ही सरासऱ्यांवर टी-चाचणी लावली, फरक सार्थ आला, आणि निष्कर्ष लिहिला: ‘पुस्तिका परिणामकारक आहे.’

आता थोडं थांबून विचार करा. प्रश्नावलीतल्या प्रश्नांची उत्तरं पुस्तिकेत छापलेली होती. पुस्तिका वाचल्यावर सात दिवसांत त्यातली काही उत्तरं लक्षात राहिली, एवढंच या आकड्यांनी सांगितलं. असा फरक आला नसता तरच नवल! ज्या प्रयोगात अपयश येण्याची शक्यताच जवळजवळ नाही, त्या प्रयोगातल्या यशाला किंमत किती द्यायची?

त्यात नियंत्रित गट नाही. म्हणजे त्या सात दिवसांत आशा ताई घरी येऊन गेल्या असतील, टीव्हीवर जाहिरात लागली असेल, तर तो परिणाम वेगळा काढता येत नाही. शिवाय तेच प्रश्न दुसऱ्यांदा आले की माणूस थोडं बरं लिहितोच. पहिल्या प्रश्नावलीनेच तिचं लक्ष त्या मुद्द्यांकडे गेलेलं असतं. पद्धतिशास्त्राच्या पेपरात आपण हे ‘अंतर्गत वैधतेला असलेले धोके’ म्हणून पाठ करतो आणि प्रबंधात विसरतो.

पण माझ्या मते सर्वांत मोठी अडचण वेगळीच आहे. रात्री दोन वाजता मूल सहाव्यांदा पातळ शौचाला गेलंय, ओआरएस पाजलं तर उलटून पडलंय, सासूबाई म्हणतायत दूध बंद कर. त्या क्षणी त्या आईला, किंवा वडिलांना, जे हवं असतं ते या प्रश्नावलीत कुठेच नाही. ‘ओआरएसचे पूर्ण रूप काय?’ या प्रश्नाचं उत्तर बरोबर देणारी आई आणि त्या रात्री निभावून नेणारी आई एकच असेल असं धरून चालता येत नाही.

आधी पुस्तिकाच वाचू

साहित्याचे विद्यार्थी कविता वाचतात तशी एकदा पुस्तिका वाचून बघा. खालचा मजकूर मी नमुन्यादाखल लिहिला आहे, कुठल्याही एका पुस्तिकेतला नाही. पण ओळखीचा वाटेल:

‘अतिसार झाल्यास घाबरून जाऊ नये. बालकास जलसंजीवनी द्यावी. निर्जलीकरणाची लक्षणे आढळल्यास त्वरित वैद्यकीय सल्ला घ्यावा. परिसर स्वच्छ ठेवावा. अस्वच्छतेमुळे अतिसार होतो.’

यात चुकीचं एकही वाक्य नाही. पण ‘घाबरून जाऊ नये’ म्हणणारा मजकूर पुढच्याच ओळीत ‘निर्जलीकरण’ म्हणतो आणि ते कसं ओळखायचं ते सांगत नाही. किती द्यावं, किती वेळा द्यावं, उलटी झाली तर काय, काहीच नाही. ‘त्वरित’ म्हणजे आत्ता रात्री की उद्या ओपीडी उघडल्यावर? आणि शेवटच्या वाक्याने तर न्यायनिवाडाच केला: मूल आजारी पडलं कारण तुम्ही अस्वच्छ आहात.

पहिल्या शब्दापासूनच सुरुवात करू. ‘अतिसार’ हा सरकारी मराठीतला शब्द. २०१४ पासून काही वर्षं सरकारने दरवर्षी अतिसार नियंत्रण पंधरवडा राबवला, म्हणून तो भिंतींवर दिसतो. घरात मात्र आपण जुलाब म्हणतो, हगवण म्हणतो, ढाळ लागले म्हणतो, आव पडली म्हणतो, पोट बिघडलं म्हणतो, आणि ‘दात येतायत म्हणून होतंय’ असंही म्हणतो. हे सगळे शब्द एकाच आजाराची टोपणनावं आहेत का? आपण गृहीत धरतो की हो. इथेच बांगलादेशाचा अनुभव उपयोगी पडतो.

ब्रॅकने काय मोजलं

१९८० ते १९९० या दशकात बांगलादेशातल्या ब्रॅक या संस्थेने घरोघरी जाऊन मातांना मीठ-गुळाचं द्रावण करायला शिकवलं. तीन बोटांची चिमूटभर मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी. एक कोटीहून जास्त घरांपर्यंत हे काम गेलं. मुश्ताक चौधरी आणि रिचर्ड कॅश यांनी ‘अ सिंपल सोल्यूशन’ या १९९६ च्या पुस्तकात त्याची हकिकत दिली आहे. संशोधनाकडे वळणाऱ्या प्रत्येकाने ती वाचावी. त्यातल्या तीन गोष्टी आपल्या साच्याशी ताडून बघू.

पहिली गोष्ट. काही आठवड्यांनी वेगळा तपासनीस निवडक घरांत जायचा. आईला मुद्दे विचारायचाच, पण तिला द्रावण करूनही दाखवायला सांगायचा, आणि त्या द्रावणाचा नमुना प्रयोगशाळेत तपासला जायचा. मीठ जास्त पडलं तर बाळाला धोका, कमी पडलं तर उपयोग नाही. शिकवणाऱ्या बाईचा पगार या निकालाशी बांधलेला होता. म्हणजे ‘मी शिकवलं’ याला पैसे नाहीत, ‘तिला आलं’ याला पैसे. सुरुवातीला दहा मुद्दे शिकवत होते, पुढे ते सातावर आणले. चांगली माहिती करायची म्हणजे बऱ्याचदा कमी करायची, हा धडा यातून मिळतो.

दुसरी गोष्ट जास्त बोचरी आहे. माता द्रावण उत्तम करत होत्या, मुद्दे पाठ होते, तरीही घरात जुलाब झाले की वापर फारच कमी. आपल्या साच्याने मोजलं असतं तर हा कार्यक्रम पहिल्याच वर्षी ‘परिणामकारक’ ठरून कपाटात गेला असता. ब्रॅकने मात्र वापर का होत नाही ते शोधलं. लक्षात आलं की शिकवणाऱ्या काहीजणींचाच त्या द्रावणावर विश्वास नव्हता. घरातल्या पुरुषांना तर कुणी विचारलंच नव्हतं. मग पुरुषांच्या सभा घेतल्या, बाजारात आणि मशिदीत बोलले.

तिसरी गोष्ट शब्दांची. तिथल्या माता चार वेगवेगळे प्रकार मानत होत्या: अंगावर पिणाऱ्या बाळाचा ‘दूध हागा’, अपचनाचा ‘अजीर्ण’, आवेचा ‘आमाशा’, आणि पटकीसारखा पाण्यासारखा धो धो होणारा तो ‘डायरिया’. कार्यक्रमाने शिकवलं होतं, डायरिया झाला की द्रावण द्या. मातांनी ते तंतोतंत पाळलं! फक्त चौथ्या प्रकारातच दिलं. त्या अडाणी नव्हत्या, माहिती देणाऱ्याचा शब्द चुकीच्या दारात उभा होता.

आता आपल्याकडे या. दात येताना होणाऱ्या जुलाबांना मराठवाड्यातली आजी ‘अतिसार’ मानते का? कोकणात ‘आव’ पडल्यावर ओआरएस द्यायचं असतं असं वाटतं का? हे प्रश्न प्रश्नावलीने सुटणार नाहीत. त्यासाठी दहा-पंधरा घरांत बसून, ‘मागच्या वेळी पोट बिघडलं तेव्हा काय म्हणालात, काय केलंत?’ असं ऐकावं लागेल. पुस्तिका लिहिण्याआधीचा हा टप्पा आपल्या साच्यात जवळजवळ नसतोच. पुस्तिका तज्ज्ञांकडून वैध करून घेतात, पण ती ज्यांनी वाचायची त्यांच्याकडून नाही.

‘घाबरू नका’ याने धीर येतो का?

संशोधनात ‘धीर’ हा चल म्हणून कुणी घेत नाही, कारण तो मवाळ वाटतो. पण पालकांसाठीच्या माहितीत तो मध्यवर्ती आहे. घाबरलेला माणूस वाचतो कमी, धावतो जास्त. आणि धावतो कुठे? जिथे लगेच काहीतरी केल्यासारखं दिसतं तिथे: एखादं इंजेक्शन, एखादी जुलाब थांबवणारी गोळी, एखादी सलाइनची बाटली.

म्हणून माझं म्हणणं असं आहे: ‘घाबरू नका’ हे वाक्य धीर देत नाही. धीर तीन गोष्टींनी येतो. आत्ता मी काय करू, पुढे काय होणं अपेक्षित आहे, आणि कुठल्या क्षणी घरी थांबायचं नाही. या तिन्ही गोष्टी ज्या मजकुरात आहेत, त्यात ‘घाबरू नका’ लिहिलं नाही तरी चालतं.

लसीकरणातलं एक उदाहरण घ्या. आपल्याकडे बाळाला लस दिल्यावर एएनएम ताईंनी चार संदेश द्यायचे असतात: कुठली लस दिली आणि ती कशापासून वाचवते, कुठले किरकोळ त्रास होऊ शकतात आणि तेव्हा काय करायचं, पुढच्या वेळी कधी यायचं, आणि कार्ड जपून ठेवून ते येताना आणायचं. दुसरा संदेश नीट दिला गेला तर रात्री ताप आल्यावर आईला वाटतं, ‘हे सांगितलं होतं.’ तो वगळला गेला तर तोच ताप ‘लस बाधली’ असा होतो. ताप तेवढाच आहे, फरक पडला तो आधी सांगितलं होतं की नाही याने. चारच संदेश आणि चारही कामाचे. माहितीची रचना शिकायची तर हा नमुना समोर ठेवावा.

आता वरचा अतिसाराचा मजकूर याच कसोटीवर पुन्हा लिहून बघू. आकडे आरोग्य कार्यकर्त्यांना शिकवल्या जाणाऱ्या बालआजारांच्या एकात्मिक व्यवस्थापनातले आहेत:

‘बाळाला पातळ जुलाब सुरू झाले, मग कारण काहीही असो, ओआरएस लगेच सुरू करा. ओआरएसने जुलाब थांबत नाहीत. ते अंगातून गेलेलं पाणी भरून काढतं. म्हणून जुलाब चालू असले तरी देत राहा. दोन वर्षांपर्यंतच्या बाळाला प्रत्येक जुलाबानंतर पाव ते अर्धा कप, त्याहून मोठ्याला अर्धा ते एक कप. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा, मग चमच्या-चमच्याने पुन्हा सुरू करा. अंगावरचं दूध आणि नेहमीचं खाणं बंद करू नका. झिंकच्या गोळ्या जुलाब थांबले तरी १४ दिवस पूर्ण करा. बाळ पिऊ शकत नसेल, सुस्त पडलं असेल, डोळे खोल गेले असतील किंवा शौचात रक्त दिसलं, तर दिवस असो वा रात्र, दवाखान्यात न्या.’

मजकूर लांबला हे खरं. पण यातलं ‘ओआरएसने जुलाब थांबत नाहीत’ हे वाक्य बघा. ते बहुतेक पुस्तिकांत नसतं, कारण लिहिणाऱ्याला ते उपचाराची बदनामी वाटते. पालकांच्या बाजूने विचार केला तर तेच सगळ्यात धीर देणारं वाक्य आहे. ते नसेल तर दोन पेले पाजून झाल्यावर पाचवा जुलाब होतो, ‘याने काही फरक नाही’ असं ठरतं आणि ओआरएस बंद होतं. अपेक्षा चुकीची बांधली गेली की बरोबर उपचारही फसतो.

भीती दाखवली तर?

काही विद्यार्थी उलट टोकाला जातात. पुस्तिकेत आजारी मुलांचे फोटो, मृत्यूचे आकडे. हेतू चांगलाच असतो. पण अमेरिकेतला एक प्रयोग इथे वाचण्यासारखा आहे. ब्रेंडन नायहन आणि सहकाऱ्यांनी १,७५९ पालकांवर गोवराच्या लसीविषयी चार प्रकारचे संदेश तपासले. निष्कर्ष २०१४ साली ‘पीडिअॅट्रिक्स’मध्ये आले. लस आणि स्वमग्नता यांचा संबंध नाही हे सांगणारी माहिती, आजाराच्या धोक्यांची माहिती, आजारी मुलांची छायाचित्रं, आणि मरता मरता वाचलेल्या एका बाळाची कहाणी. एकाही संदेशाने लस घेण्याचा इरादा वाढला नाही. छायाचित्रं पाहिलेल्यांत लस-स्वमग्नता संबंधावरचा विश्वास वाढला. कहाणी वाचलेल्यांत लसीच्या गंभीर दुष्परिणामांची भीती वाढली. पहिल्या संदेशाने गैरसमज कमी केला खरा, पण ज्यांचं मत आधीच लसीविरुद्ध होतं त्यांच्यात लस घेण्याचा इरादा उलट कमी झाला.

शेवटचं वाक्य पुन्हा वाचा. ज्ञान सुधारलं, इरादा घटला. आपल्या साच्याने फक्त ज्ञान मोजलं असतं तर हा संदेश यशस्वी ठरला असता.

अर्थात या अभ्यासाचीही चिकित्सा करायला हवी. त्यांनी इरादा विचारला, प्रत्यक्ष लस घेतली का ते मोजलं नाही. संदेश एकदाच, ऑनलाइन सर्वेक्षणात दिला. ओळखीच्या ताईने अंगणात बसून सांगणं आणि स्क्रीनवर वाचणं यात फरक आहे. त्यामुळे ‘भीती कधीच चालत नाही’ असा निष्कर्ष काढू नका. घ्यायचं ते एवढंच: संदेश चांगल्या हेतूने लिहिला म्हणून तो चांगलाच परिणाम करेल असं नाही, आणि उलट परिणाम शोधायची सोय अभ्यासात आधीपासून ठेवली पाहिजे.

स्वच्छता सांगायची, पण दोष न देता

‘अस्वच्छतेमुळे अतिसार होतो’ या वाक्यावर परत येऊ. नळाला तिसऱ्या दिवशी पाणी येणाऱ्या वस्तीत हे वाक्य वाचणाऱ्या बाईला काय वाटेल? तिला माहीत नाही म्हणून ती हात धूत नाही, असं आपण गृहीत धरलेलं असतं.

आंध्र प्रदेशातल्या १४ गावांत झालेला ‘सुपरअम्मा’ प्रयोग या गृहीतकाच्या विरुद्ध दिशेने गेला. अॅडम बिरन आणि सहकाऱ्यांनी तो २०१४ साली ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये मांडला. सात गावांत मोहीम, सात गावं नियंत्रित. मोहिमेत जंतू आणि रोग यांच्यावर भर दिलाच नाही. एक हुशार, प्रेमळ आई, सुपरअम्मा, आणि घाणेरड्या हातांनी लाडू वळणारा एक विनोदी बुवा अशी पात्रं होती. माया, किळस आणि ‘आपल्यात सगळे असंच करतात’ ही भावना, यांवर मोहीम उभी होती.

मोजमाप कसं केलं? प्रश्न विचारून नाही. निरीक्षक घरात बसून महत्त्वाच्या वेळी साबणाने हात धुतले जातात का ते नोंदवत होते. आधी हे प्रमाण मोहिमेच्या गावांत १ टक्का आणि दुसऱ्या गावांत २ टक्के. सहा आठवड्यांनी १९ विरुद्ध ४. सहा महिन्यांनी ३७ विरुद्ध ६. नंतर नियंत्रित गावांतही छोटी मोहीम राबवली आणि वर्षाच्या शेवटी दोन्हीकडे २९.

सुरुवातीचे आकडे बघून घ्या: १ आणि २ टक्के. ‘तुम्ही साबणाने हात धुता का?’ असं विचारलं असतं तर इतकं खरं उत्तर आलं असतं का? म्हणूनच स्वच्छतेच्या अभ्यासात स्वतः सांगितलेलं वर्तन हा फार कच्चा पुरावा असतो. या प्रयोगालाही मर्यादा आहेत. घरात परका माणूस वही घेऊन बसला की हात थोडे जास्त धुतले जाणारच. आणि हात धुणं वाढलं म्हणून जुलाब कमी झाले का, ते यात मोजलेलं नाही. तरीही प्रश्न योग्य जागी विचारला होता, हे मान्य करावं लागतं.

कागदाच्या बाहेरची माहिती

पालक फक्त आपली पुस्तिका वाचत नाहीत, ते पाकीटही वाचतात. ओआरएसची पाकिटं एक लिटरची येतात आणि २०० मिलीचीही येतात. पुस्तिका म्हणते ‘एक लिटर पाण्यात’, हातात पाकीट २०० मिलीचं. किंवा पाकीट लिटरचं, आणि पेल्यात थोडं थोडं टाकून केलं. पहिल्यात द्रावण फार पातळ, दुसऱ्यात कदाचित फार घट्ट. दुकानात तर ‘ओआरएस’ असं नाव मिरवणारी गोड पेयंही मिळत होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे नसलेल्या पेयांवर हे नाव वापरायला एफएसएसएआयने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली. म्हणजे ‘ओआरएस द्या’ हे साधं वाक्यही दुकानाच्या काउंटरवर पोचल्यावर साधं उरत नाही. एखाद्या विद्यार्थ्याने केवळ पाकिटांवरचा मजकूर, त्याची भाषा, अक्षरांचा आकार आणि पालकांना त्यातून काय कळतं यावर अभ्यास केला, तर तो विसाव्या ‘परिणामकारकता’ अभ्यासापेक्षा जास्त कामाचा ठरेल.

मग आपण काय करायचं?

कुणी म्हणेल, ब्रॅककडे माणसं होती, सुपरअम्माकडे निधी होता. आपल्याकडे एक गाईड, एक वर्ष आणि बसचा पास. मुद्दा रास्त आहे. एम.एस्सी.च्या विद्यार्थ्याकडून कुणी १४ गावांचा प्रयोग मागत नाही. पण त्याच वेळेत आणि त्याच खर्चात साचा पुष्कळ सुधारता येतो.

१. प्रश्नावली लिहिण्याआधी काही घरांत बसा. लोक कुठले शब्द वापरतात त्याची यादी करा आणि पुस्तिकेत तेच शब्द घ्या.

२. पुस्तिका तज्ज्ञांना दाखवा, तशी पाच पालकांनाही दाखवा. ‘समजलं का?’ विचारू नका. त्याचं उत्तर ‘हो’च येतं. ‘आता हे पाकीट मला करून दाखवा’, ‘उलटी झाली तर काय कराल?’ असं विचारा. आरोग्य कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षणात हेच शिकवतात, आपण ते संशोधनात आणायचं.

३. उत्तरचाचणीत निदान एक कृती ठेवा. पाणी मोजलं का, पूर्ण पाकीट टाकलं का, हात धुतले का, केलेलं द्रावण २४ तासांनंतर टाकून द्यायचं हे सांगितलं का. पाच मुद्द्यांचा निरीक्षण-तक्ता पुरतो.

४. प्रसंग द्या. ‘रात्र आहे, मूल पीत नाहीये, सुस्त आहे’ आणि ‘चार जुलाब झालेत पण मूल खेळतंय’. पहिल्यात दवाखाना, दुसऱ्यात घर. दोन्ही प्रसंगांत ‘दवाखाना’ म्हणणाऱ्या पालकाला तुमच्या पुस्तिकेने घाबरवलंय. दोन्हीत ‘घर’ म्हणणाऱ्याला खोटा धीर दिलाय. धीर मोजायचा साधा मार्ग हाच आहे.

५. दुसरा गट ठेवा. त्यांच्यापासून जीव वाचवणारी माहिती लपवणं नैतिक नाही, म्हणून उत्तरचाचणी झाली की त्यांनाही पुस्तिका द्या. नैतिकता समितीला हे पटतं. आणि भेटीदरम्यान खरोखर आजारी मूल दिसलं तर आधी मूल, मग तक्ता, हे लेखी ठरवून जा.

६. शीर्षकात ‘माता’ लिहिण्याआधी विचार करा. दुकानातून पाकीट कोण आणतं, दूध बंद कर असं कोण म्हणतं? वडील आणि आजी नमुन्यात नसतील तर निर्णय घेणारी अर्धी माणसं अभ्यासाबाहेर राहतात.

असं केलं तर एक जोखीम आहे, तीही सांगतो. टी-मूल्य कदाचित सार्थ येणार नाही. साठपैकी चाळीसजणींना मुद्दे पाठ असतील, पण द्रावण नीट करणाऱ्या वीसच निघतील. व्हायवाला परीक्षक विचारतील, ‘मग तुमची पुस्तिका फसली का?’ त्या वेळी कोणत्या पायरीवर फसली ते तुम्हाला दाखवता आलं पाहिजे: शब्दावर, मापावर, की घरातल्या विरोधावर. ते दाखवणारा प्रबंध पुढच्या पुस्तिका लिहिणाऱ्याच्या कामी येतो. ‘परिणामकारक आहे’ एवढंच सांगणारा प्रबंध कुणाच्याच येत नाही.

तेव्हा सिनॉप्सिसवर गाईडची सही घेण्याआधी एक काम करा. मेडिकलमधून ओआरएसचं एक पाकीट घ्या, ओळखीतल्या लहान मूल असलेल्या घरी जा, आणि ते घरातल्या कुणाच्याही हातात देऊन फक्त बघत बसा. मध्ये बोलू नका. पहिल्या दहा मिनिटांत तुमच्या प्रश्नावलीतले निम्मे प्रश्न बदलतील.

पुढच्या लेखात निरीक्षण-तक्ता कसा तयार करायचा आणि दोन निरीक्षकांच्या नोंदी जुळतात की नाही हे कसं तपासायचं, ते पाहू.